जुन्या निगेटिव्ह स्कॅन करताना धूळ आणि बुरशी: फिल्मवर काय काढावं, स्क्रीनवर काय?

धुळाक्षरे

स्कॅनिंगला घेतलेल्या गठ्ठ्यात तीन प्रकारचा माल आहे. ३५ मिमीच्या रंगीत पट्ट्या, १२०च्या (रुंद रोल फिल्मच्या) कृष्णधवल पट्ट्या आणि थोड्या स्टुडिओच्या शीट फिल्म. धूळ सगळ्यांवर, बुरशी निम्म्यांवर. कुठे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, कुठे नुसते पांढरट ठिपके. स्कॅनर फ्लॅटबेड आहे, इन्फ्रारेड क्लीनिंग असलेला.

१. बुरशी आधी फिल्मवरून काढायची, की तशीच स्कॅन करून सॉफ्टवेअरमध्ये बघायचं?
२. इन्फ्रारेड चालू केलं की रंगीत पट्ट्या झकास येतात, पण कृष्णधवलमध्ये चेहऱ्यांचा लगदा होतो. कुठलं सेटिंग चुकतंय?
३. पाण्याने धुतलं तर चालेल का?

काळीखोली

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथे झालेलं नुकसान भरून येत नाही. बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्यात घालू नका. अजिबात नाही.

बुरशी इमल्शनमधलं (फिल्मवरच्या चित्र धरणाऱ्या थरातलं) जिलेटिन खाते. खाताना ती जी एन्झाइम सोडते त्यांनी जिलेटिनचे धागे तुटतात आणि ते पाण्यात विरघळण्याजोगं होतं. वरून डाग दोन मिलिमीटरचा दिसला तरी आजूबाजूचं इमल्शन सैल झालेलं असू शकतं. पाणी लागलं की तेवढा भाग फुगतो, बेसवरून (खालच्या प्लास्टिकवरून) सुटतो आणि चित्रासकट वाहून जातो. ओल्या फडक्याने 'हलकेच' पुसणं हाही त्यातलाच प्रकार.

आता क्रम. बुरशी जिवंत आहे की सुप्त, ते आधी बघा. भिंगातून मऊ, लोकरीसारखी, जराशी ओलसर दिसली तर जिवंत. अशीला ब्रश लावला की ती फासली जाते आणि इमल्शनमध्ये आणखी रुतते. आधी वाळवायची. हवाबंद डब्यात सिलिका जेल, एक छोटा आर्द्रतामापक, आणि पट्ट्या एकमेकींना न चिकटता उभ्या किंवा टांगलेल्या. आर्द्रता ३५ ते ४० टक्क्यांवर आणून आठवडाभर ठेवा. २५च्या खाली नेऊ नका, जिलेटिन कडक होऊन फिल्म गुंडाळी होते आणि सरळ करताना तडकते.

वाळून भुकटी झाल्यासारखी दिसली की मऊ केसांच्या ब्रशने एकाच दिशेला, बाहेरच्या बाजूला झटका. एन-९५ मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे हवेत. मेलेल्या बुरशीचे बीजाणूसुद्धा छातीला त्रास देतात. हे काम स्कॅनरच्या खोलीत करायचं नाही, आणि पंख्याखाली तर मुळीच नाही.

त्यानंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा पेक-१२सारखा पाणीविरहित फिल्म क्लीनर. ७० टक्के वाल्या बाटलीत उरलेलं ३० टक्के पाणीच असतं, म्हणजे परत तेच संकट. पॅड ओला करा, टपकेल इतका नको. पट्टी काचेवर सपाट ठेवून लांबीच्या दिशेने एक हात, पॅडची बाजू बदला, मग दुसरा हात. पुढे-मागे घासलं की निघालेला कण पुन्हा फिल्मवर ओढला जातो आणि चरा पडतो. आधी चकचकीत बाजू, मग मंद बाजू (ती इमल्शनची). मंद बाजूला पॅडच्या वजनाइतकाच दाब. सुरुवात करण्यापूर्वी पट्टीच्या टोकाच्या कोऱ्या भागावर चाचणी घ्या. पॅडवर रंग उतरला तर तिथेच थांबा.

अल्कोहोल पेट घेतं. खिडकी उघडी, आसपास ज्योत नाही.

जिलेटिन

काळीखोली यांच्याशी ९० टक्के सहमत. पण 'पाणी अजिबात नाही' हे फक्त बुरशीवाल्यांना लागू आहे, नाहीतर वाचणारे सगळ्याच निगेटिव्हना पाणी वर्ज्य समजतील.

बुरशी नसलेली, इमल्शन धडधाकट असलेली कृष्णधवल पट्टी, जिच्यावर धूळ सुकून चिकटली आहे किंवा मूळ धुलाईतले पाण्याचे डाग आहेत, ती पुन्हा धुणं हाच तिच्यावरचा उत्तम उपाय. २० अंशांच्या आसपासच्या डिस्टिल्ड पाण्यात १० मिनिटं, मग फोटो-फ्लो (वाळताना पाण्याचे डाग पडू न देणारं द्रावण) १:२०० मध्ये अर्धा-एक मिनिट, आणि धूळ नसलेल्या जागी खाली चिमटा अडकवून टांगायची. जिलेटिन फुगतं आणि रुतलेले कण सुटतात. बोटांनी किंवा स्क्वीजीने निपटायचं नाही. ओलं इमल्शन नखानेही खरवडतं.

रंगीत निगेटिव्ह मात्र अशा धुवू नका. जुन्या सी-४१ (रंगीत निगेटिव्ह धुण्याची नेहमीची प्रक्रिया) फिल्मवर शेवटच्या टप्प्यात स्टॅबिलायझर असायचा. रंगद्रव्य टिकवणं आणि बुरशीला आळा घालणं, दोन्ही कामं तो करतो. साध्या पाण्याने तोच निघून जातो.

काळीखोली

मान्य. बुरशीचा एकही तंतू नसेल तरच, हे वाक्य मात्र ठळक करा.

आणि १२० व शीट फिल्मबद्दल एक गोष्ट सुटते. ३५ मिमीवर जिलेटिन बहुतेक वेळा एकाच बाजूला असतं. १२० आणि शीट फिल्मवर वळू नये म्हणून मागच्या बाजूलाही जिलेटिनचा थर देतात. त्यामुळे तिथे बुरशी दोन्ही बाजूंनी चरते आणि 'चकचकीत बाजू म्हणजे नुसतं प्लास्टिक, जोर लावा' हा हिशेब चुकतो.

उलटसुलट

सफाईला हात घालण्याआधी एक कच्चा स्कॅन करून डाग वाचायला शिका. निम्मं काम तिथे वाचतं. पॉझिटिव्ह केल्यावर (म्हणजे उलटवून सरळ चित्र केल्यावर):

पांढरा ठिपका किंवा केस: काहीतरी प्रकाश अडवतंय. धूळ, तंतू, बेसच्या बाजूचा चरा (तो प्रकाश विखुरतो). वर बसलेलं असेल तर निघू शकतं.

काळा ठिपका किंवा रेघ: इमल्शनच गेलेलं आहे. कितीही पुसा, काही निघणार नाही. उलट कडेचं आणखी जाईल.

रंगीत निगेटिव्हवर तर खोलीही कळते. सर्वांत वर पिवळ्या रंगद्रव्याचा थर, त्याखाली मॅजेंटा, तळाशी सायन. फक्त वरचा थर खरवडला गेला असेल तर पॉझिटिव्हमध्ये पिवळी खूण दिसते. दोन थर गेले की लाल. तिन्ही गेले की काळी. बुरशीच्या डागाची कड पिवळी, पुढे लाल आणि मध्ये काळा ठिपका दिसला, तर तिने मधोमध तळापर्यंत खाल्लंय असं समजा.

प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी तोच डाग दिसतो? मग फिल्म निर्दोष आहे. कॅमेऱ्याने स्कॅन करत असाल तर सेन्सर किंवा लाइट पॅनेल बघा. फ्लॅटबेडवर वरून खालपर्यंत सरळ उभी रेघ येत असेल तर होल्डरच्या वरच्या टोकाला कॅलिब्रेशनसाठी जी मोकळी खिडकी असते तिच्यात कण आहे. स्कॅनर तिथे प्रकाशाचं माप घेतो, आणि एका कणाची शिक्षा पूर्ण स्कॅनला होते. ही रेघ हीलिंग ब्रशने तासन्‌तास पुसणारे लोक आहेत.

तिसरा_डोळा

प्रश्न २: सेटिंग चुकत नाहीये. ते तंत्रच कृष्णधवलसाठी नाही.

इन्फ्रारेड क्लीनिंगमध्ये स्कॅनर लाल-हिरवा-निळा यांच्याबरोबर चौथा चॅनल घेतो. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं इन्फ्रारेडला जवळजवळ पारदर्शक असतात, धूळ आणि चरे नसतात. म्हणजे चौथ्या चॅनलमध्ये चित्र नाही, फक्त दोष. सॉफ्टवेअर तो नकाशा घेऊन शेजारचे पिक्सेल भरतं. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी इन्फ्रारेडही अडवते. त्यामुळे निगेटिव्हमध्ये जिथे दाट चांदी, म्हणजे चित्रात जिथे उजळ भाग (चेहरा, पांढरा शर्ट, आकाश), तो सगळा त्याला धूळच वाटतो. लगदा होतो तो तिथे.

अपवाद: इल्फर्ड एक्सपी२ किंवा कोडॅक बीडब्ल्यू४००सीएनसारख्या सी-४१मध्ये धुतलेल्या कृष्णधवल फिल्म. त्यांत शेवटी चांदी उरत नाही, रंगद्रव्यच असतं. त्यांना इन्फ्रारेड बिनधास्त लावा. फिल्मच्या कडेवरचं नाव वाचा. गठ्ठ्यात कोडाक्रोमच्या स्लाइड निघाल्याच तर त्यांना वेगळं ठेवा. त्यांचं सायन द्रव्य इन्फ्रारेड बऱ्यापैकी शोषतं आणि गडद भागात खोटे 'दोष' सापडतात.

रंगीत पट्ट्यांसाठी: व्ह्यूस्कॅन या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये इन्फ्रारेड क्लीन लाइट, फार तर मीडियम. हेवीने पापण्या, जाळीचं कापड, पानांच्या कडा खाल्ल्या जातात. सिल्व्हरफास्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं आयएसआरडी (त्याचं इन्फ्रारेड क्लीनिंग) वापरत असाल तर नकाशा स्क्रीनवर दिसतो, तो बघत संवेदनशीलता कमी करत या. चित्राच्या बाह्यरेषा नकाशात दिसू लागल्या की तुम्ही हद्द ओलांडली.

बुरशीवर इन्फ्रारेड अर्धंच चालतं. वर उभे असलेले तंतू पकडतं. पण जिथे इमल्शन खाल्लं गेलंय, रंगद्रव्य गेलंय, तिथे इन्फ्रारेडला अडवणारं काही नाहीच. तो डाग नकाशात येत नाही. आणि नाणंभर पसरलेला बुरशीचा पट्टा पकडला तरी भरायला शेजारी शाबूत पिक्सेल हवेत ना.

फिरकी

म्हणजे कृष्णधवलसाठी इन्फ्रारेड बंद करून सॉफ्टवेअरमधलं 'डस्ट रिमूव्हल' चालू करावं का? स्कॅनरच्या खिडकीत दोन्ही पर्याय दिसतात.

तिसरा_डोळा

दोन्ही बंद. ते 'डस्ट रिमूव्हल' चौथा चॅनल घेत नाही, नुसत्या चित्रावरून अंदाज करतं. डोळ्यातली चमक आणि धुळीचा कण यांत त्याला फरक कळत नाही.

पिक्सेलपंत

सॉफ्टवेअरची बाजू सविस्तर लिहितो. अवजारांची नावं फोटोशॉपमधली.

स्कॅन: चॅनलमागे १६ बिट, टिफ, शार्पनिंग बंद. आधी शार्पन केलं तर प्रत्येक कणाभोवती कडा उठते आणि एका डागाचे दोन होतात. फ्लॅटबेडला ३५ मिमीसाठी ३२०० डीपीआय पुरे. त्यापुढे फाइल फुगते, तपशील फारसा वाढत नाही. रंगीतसाठी शक्य असेल तर चौथ्या चॅनलसकट कच्ची फाइल ठेवा (व्ह्यूस्कॅनमध्ये ६४ बिट आरजीबीआय, सिल्व्हरफास्टमध्ये एचडीआरआय). उद्या सफाईची पातळी बदलावीशी वाटली तर फिल्मला पुन्हा हात लावायला नको.

कृष्णधवलची युक्ती, जी फार कमी लोक वापरतात: एकच फ्रेम दोनदा स्कॅन करा, मध्ये पट्टी काढून ब्लोअर मारून परत लावा. दोन्ही पॉझिटिव्ह एकावर एक थर म्हणून घ्या, ऑटो-अलाइन करा, वरच्या थराचा ब्लेंड मोड डार्कन. सुटी धूळ पॉझिटिव्हमध्ये पांढरी असते आणि दोन स्कॅनमध्ये एकाच जागी क्वचितच बसते. डार्कन दोहोंतला गडद पिक्सेल ठेवतो, म्हणजे धूळ गायब आणि खालचं खरं चित्र शाबूत. यात अंदाजाने भरलेलं काहीच नाही. चिकटलेल्या धुळीला आणि बुरशीला याचा उपयोग नाही, ती दोन्ही स्कॅनमध्ये तिथेच असते. जुळणी अर्ध्या पिक्सेलने हुकली तरी कडा जाड दिसतात, तेव्हा १०० टक्क्यांवर तपासा.

मग उरलेल्या बारीक कणांसाठी: थराची प्रत, त्यावर डस्ट अँड स्क्रॅचेस, रेडियस ३ ते ५, थ्रेशोल्ड १० ते २०. थ्रेशोल्ड शून्य ठेवलं तर ग्रेन (फिल्मचा कणीदार पोत) पुसून चित्र प्लास्टिकचं होतं. ग्रेन परत दिसेपर्यंत थ्रेशोल्ड वाढवा. या थराचाही मोड डार्कन, म्हणजे फक्त उजळ ठिपके बदलतील. काळा मास्क लावा आणि हवं तिथेच पांढऱ्या ब्रशने उघडा. आकाश, भिंत, पार्श्वभूमी इथे बेधडक. चेहऱ्यावर नाही. काळ्या ठिपक्यांसाठी हाच थर लाइटन मोडमध्ये, वेगळ्या मास्कने.

मोठे डाग हाताने: रिकामा थर, हीलिंग ब्रश, 'सगळ्या थरांमधून नमुना'. ब्रश डागापेक्षा जेमतेम मोठा, कड थोडी कडक. लांब केस एका फटक्यात काढू नका, तुकड्या-तुकड्यांनी काढा. दरवेळी नमुना केसाच्या लगतच्या, त्याच उजेडातल्या भागातून घ्या. डाग एखाद्या कडेला (खांदा, दाराची चौकट) छेदत असेल तर हीलिंग कडेचा रंग आत ओढतं. तिथे आधी क्लोनने कड जोडून घ्यायची, मग दोन्ही बाजूंना हीलिंग.

गिंपमध्ये हीच अवजारं आहेत: हील, क्लोन, आणि 'डार्कन ओन्ली' मोड. डार्कटेबलमध्ये उलटवण्यासाठी निगाडॉक्टर, डागांसाठी रीटच.

फिरकी

आणि बुरशीमुळे रंगच बदललेला पसरट डाग? हीलिंग केलं की ठिगळ दिसतं.

पिक्सेलपंत

कारण तिथे दोन दोष एकावर एक आहेत: पोत बिघडलाय आणि रंगही. ते वेगळे करायचे, म्हणजे फ्रीक्वेन्सी सेपरेशन.

दोन प्रती. खालच्या प्रतीला गॉसियन ब्लर, तंतूंची नक्षी विरघळेल आणि डागाचा ढग तेवढा उरेल इतका. ३२०० डीपीआयच्या स्कॅनला ८ ते १५ पिक्सेलपासून सुरुवात करा. वरच्या प्रतीवर अप्लाय इमेज: लेयर म्हणून खालची प्रत, इन्व्हर्ट चालू, मोड अ‍ॅड, स्केल २, ऑफसेट ०. हे १६ बिटसाठी. (८ बिटमध्ये इन्व्हर्ट बंद, सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८.) वरच्या थराचा मोड लिनियर लाइट. चित्र मूळ होतं तसं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर आकड्यांत चूक आहे, पुढे जाऊ नका.

आता खालच्या थरावर डाग लासोने घ्या, फेदर १५-२० पिक्सेल, आणि कर्व्हजने आसपासच्या रंगाला आणा किंवा मऊ ब्रशने शेजारचा रंग कमी ओपॅसिटीत भरा. वरच्या थरावर क्लोनने चांगला ग्रेन असलेला भाग आणून बुरशीची नक्षी झाका. ठिगळ दिसतं ते बहुतेक ग्रेन नसल्यामुळे. दुरुस्ती गुळगुळीत राहिली तर त्या भागावर मोनोक्रोमॅटिक नॉइज थोडा टाका, आणि आकार ग्रेनशी जुळण्यासाठी अर्धा पिक्सेल ब्लर.

चेहऱ्याचा डोळा किंवा ओठ पूर्ण खाल्ला गेला असेल तर त्याच माणसाची पुढची-मागची फ्रेम शोधा. स्टुडिओतल्या फोटोंत एकाच बैठकीच्या दोन-तीन निगेटिव्ह असतातच. कल्पनेने डोळा रंगवण्यापेक्षा डाग राहू दिलेला बरा, असं माझं मत.

उलटसुलट

चऱ्यांसाठी वेट माउंटिंगचा उल्लेख कुणीच केला नाही? फिल्म आणि काच यांच्यामध्ये कामीसारखा माउंटिंग द्रव भरतात. त्याचा अपवर्तनांक फिल्मच्या बेसच्या बराच जवळ असतो, त्यामुळे बेसवरचे चरे भरले जातात, प्रकाश विखुरत नाही आणि ते दिसेनासे होतात. न्यूटन रिंग्जही (फिल्म काचेला टेकल्याने उमटणारी वलयं) जातात. शीट फिल्म आणि १२०साठी मेहनत सार्थकी लागते. ३५ मिमीच्या शेकडो पट्ट्यांसाठी मी सुचवणार नाही. अट एवढीच की आधी धूळ काढलेली हवी. द्रवात अडकलेला कण आणि हवेचा बुडबुडा दोन्ही स्कॅनमध्ये येतात. इमल्शन जिथे गेलंय ते काही परत येत नाही.

कॅमेऱ्याने स्कॅन करणाऱ्यांना यातलं अर्धं फुकटात मिळतं. फिल्मखाली दुधाळ अ‍ॅक्रिलिक, प्रकाश जितका विखुरलेला तितके बेसवरचे चरे फिके. फिल्म अ‍ॅक्रिलिकपासून ३ ते ५ सेंटिमीटर वर उचला म्हणजे अ‍ॅक्रिलिकवरची धूळ फोकसच्या बाहेर जाते. अ‍ॅपर्चर एफ/८ च्या आसपास.

काळीखोली

शीट फिल्मबद्दल धोक्याचा इशारा राहिला. स्टुडिओच्या निगेटिव्हवर रीटचिंग असतं: चेहऱ्यावर शिसपेन्सिल, कधी लाल रंग, त्याखाली वार्निश. तिरप्या उजेडात धरलं की चेहऱ्याचा भाग वेगळा चमकतो किंवा बारीक रेघोट्या दिसतात. त्यावर अल्कोहोल फिरवलं तर रीटचिंग क्षणात पुसलं जाईल. अशा शीटवर ब्लोअर आणि ब्रशपुढे जाऊ नका, बाकी स्क्रीनवर.

बेसही बघा. कडेला 'सेफ्टी' छापलं असेल तर अ‍ॅसिटेट किंवा पॉलिस्टर. तसं छापलेलं नाही म्हणजे नायट्रेटच असं नाही, पण पिवळी पडलेली, चिकट, उग्र वासाची शीट संशयित समजा. नायट्रेट भराभर पेट घेतं. तिला द्रावक नाही, हेअर ड्रायर नाही, स्कॅनरवर नाही. वेगळी ठेवा आणि जाणकार संवर्धकाला दाखवा. व्हिनेगरसारखा आंबट वास असेल तर अ‍ॅसिटेट कुजतंय. ती आक्रसायच्या आत लवकर स्कॅन करा आणि इतरांपासून दूर ठेवा, कारण त्या वाफेने शेजारच्याही कुजतात.

कडेला निळसर आरशासारखी चमक दिसली तर ती बुरशी नाही, चांदी वर आलीये. पुसू नका. वेट माउंटिंगने बरीच दबते.

धुळाक्षरे

अ‍ॅसिटोन, काच साफ करायचा स्प्रे, हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे सल्ले ठिकठिकाणी वाचले. यांतलं काही?

जिलेटिन

काहीच नाही. अ‍ॅसिटोनने अ‍ॅसिटेटचा बेसच विरघळतो. काचेच्या स्प्रेत पाणी आणि बऱ्याचदा अमोनिया. पेरॉक्साइड चांदीचं ऑक्सिडेशन करतं. दाबलेल्या हवेचा कॅनही जपून: तिरका धरला की थंड द्रव फवारला जातो आणि फिल्मवर डाग बसतो. रबरी ब्लोअर बरा.

सुती हातमोज्यांपेक्षा नायट्राइल घ्या. सुती मोजेच धागे सोडतात, आणि ते स्कॅनमध्ये हुबेहूब बुरशीच्या तंतूसारखे दिसतात.

फिरकी

ब्लोअर मारल्यावर कण उडतो आणि लगेच परत येऊन बसतो, त्याचं काय?

उलटसुलट

स्थिर विद्युत. हवा फार कोरडी असली की होतं. खोलीची आर्द्रता ४५-५० टक्के ठेवा, अ‍ॅन्टिस्टॅटिक ब्रश सावकाश ओढा, आणि प्लास्टिकच्या पाकिटातून पट्टी झटकन खेचू नका. जितक्या जोराने खेचाल तितका भार.

काळीखोली

कामाचा क्रम: आधी निव्वळ धुळीच्या पट्ट्या स्कॅन करा, बुरशीवाल्या शेवटी. मध्ये काच, होल्डर आणि ती कॅलिब्रेशनची खिडकी पुसून घ्या. नाहीतर स्कॅनरच बीजाणू वाटत फिरतो.

स्कॅन झालेल्या निगेटिव्ह जुन्या पाकिटांत परत घालायच्या नाहीत. ती पाकिटं फेका. नवी पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टर किंवा आम्लविरहित कागदाची. पीव्हीसी नको. बटर पेपरसारखी जुनी पाकिटं ओल धरतात आणि इमल्शनला चिकटतात. चिकटलेली असतील तर ओढू नका, तशीच डब्यात वाळवून मग बघा.

आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी परत येते, अल्कोहोल कितीही फिरवलं असलं तरी. डब्यात ३० ते ५० टक्के ठेवा. सिलिका जेल नारिंगीची हिरवी झाली की १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येते. गार करायची ती झाकण लावलेल्या बरणीत, उघड्यावर नाही.